शून्याखालची वॉर्निंग

मित्रांनो, मी एक जुनी वॉर्निंग आहे. वय म्हणाल तर अवघं दोन वर्षांचं, पण रोज वीस-वीस वेळा एकच गोष्ट सांगून माझा घसा बसला आहे. प्रोग्राम मशीनसाठी तयार करताना कंपायलर तो तपासतो आणि खोट दिसली की पिवळा शेरा मारतो. त्याच शेऱ्यांपैकी मी एक.

माझा जन्म देवासच्या एका छोट्या कंपनीतला. तिथे लशींच्या फ्रिजचे कंट्रोलर बनतात. तापमान शून्याखाली गेलं की घंटी वाजव, अशी एक ओळ त्यांच्या प्रोग्राममध्ये होती. जुन्या चिपवर ती बिनबोभाट चालली. मग नवी चिप आली. या बाईसाहेब प्रोग्राममध्ये तापमानाचा आकडा ठेवायच्या खणात उणे आकडा मानायलाच तयार नाहीत! म्हणून मी ओरडले, "ही अट कधीच खरी होणार नाही!"

ऐकतो कोण? आम्ही चारशे बारा जणी होतो. "चालतंय ना? मग झालं," म्हणत सगळे पुढे जायचे. कौतुक एकदाच झालं. एक पाहुणे म्हणाले, स्क्रीनवर हे पिवळं पिवळं छान दिसतंय.

या महिन्यात हुकूम सुटला, एकही वॉर्निंग दिसता कामा नये. काम आलं इरावतीकडे. बिचारीने एकेक निस्तरत आणली आणि शनिवारी दुपारी माझ्यापाशी पोचली. ती ओळ मुळात लिहिणारे श्रीपादकाका चहा घेऊन मागेच उभे होते.

"उडव ती ओळ, बेटा. अट खरी होणारच नाही, असं कंपायलरच सांगतोय ना? आणि आपल्याकडे चव्वेचाळीस डिग्रीत बर्फ कुठून येणार!"

दोन वर्षं घसा फोडून सांगितलं, त्याचा हा अर्थ?

इरावतीने बोट उचललं, पण ओळ पुसली नाही. नालछ्याकडच्या दवाखान्यात नर्स असलेल्या मोठ्या बहिणीला तिने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिथे नवा कंट्रोलर बसवला होता.

"अक्का, तुमचा फ्रिज कधी शून्याखाली जातो का गं?"

"जातो म्हणजे? परवा सगळ्या लशी गोठल्या, फेकाव्या लागल्या. तुमची घंटी वाजलीच नाही. आणि नोटीस कुणाला आली? मला! फ्रिजकडे लक्ष दिलं नाही म्हणे. नोकरी जाईल इरा माझी."

काकांनी कप खाली ठेवला. "चूक आमची आहे, अक्का. नवी चिप आणली आणि मी बघितलंच नाही. कंपनीच्या कागदावर तसं लिहून देतो, आजच."

इरावतीने खणापुढे एक शब्द लिहिला, उणे आकडेही मानावेत म्हणून. मग कंट्रोलरची तापमापी मीठ घातलेल्या बर्फात बुडवून बघितली. घंटी अशी खणखणली की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली.

आता यादीत माझं नाव नाही. दमले होते मी, बरं झालं. मित्रांनो, कुणी रोज तेच तेच सांगत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी "काय झालं?" एवढं तरी विचारा. इरावतीने विचारलं. पण त्याआधी अक्काच्या लशी गोठून गेल्या होत्या.