सरदाराच्या दालनातले जाते

मी एक जुने जाते आहे, मित्रांनो. खरे तर जात्याची नुसती वरची तळी, म्हणजे फिरणारा दगड, उरली आहे. इंग्लंडातल्या एका खेड्यात, नॉर्मन सरदार थर्स्टिनच्या दालनात, मी फरशी होऊन पडले आहे.

याच गावातल्या एल्फगर नावाच्या शेतकऱ्याच्या आजोबांनी मला घडवले. त्याची बायको हिल्ड पहाटे जव दळायची आणि तिच्या गाण्याबरोबर मी फिरायचे. माझ्या पिठाची भाकर गोड लागते, असे शेजारणी म्हणत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले त्या मोठ्या लढाईनंतर थर्स्टिन आमच्या दारात आला, तो उसन्या घोड्यावर. हिल्डने दिलेली भाकर त्याने उभ्यानेच खाल्ली. नव्या राजाने त्याला आमचे गाव दिले. पुढे उत्तरेतली बंडखोर गावे त्याने जाळली आणि तीही मिळवली. सात गावांचा धनी झाल्यावर त्याने आमच्या ओढ्यावर दळणाचा मोबदला घेणारी गिरणी बांधली, पण घरोघरी जाती असताना तिथे कोण जाणार?

त्याच सुमारास राजाचे कारकून कुणाचा हक्क कशावर आहे हे लिहून घ्यायला आले. गावात एल्फगरच्या शब्दाला मान होता. सरदाराने त्याला गाठून सांगितले, की गिरणीच्या बाजूने साक्ष दे, तुझे जाते तुझ्या घरी राहील. बिचाऱ्याने मला वाचवायला पवित्र पोथीवर हात ठेवला. गावात एकही जाते नाही, आजोबांच्या काळापासून सारे धन्याच्याच गिरणीत दळतात, असे त्याने सांगितले. कारकुनाने ते लिहून घेतले.

तिसऱ्या दिवशी सरदार शिपाई घेऊन घरात आला.

"गावात जातं नाही म्हणालास ना? मग हे काय?"

"मालक, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"मी? माझं बोलणं कुठं लिहिलंय? एल्फगर, खोट्या शपथेला हात तोडतात. तुझा हात हवाय की हा दगड?"

हिल्ड नवऱ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "मोठे शहाणे तुम्ही. सगळ्या गावाची जाती पुसून आलात."

मला एल्फगरच्याच पाठीवर लादून इथे आणले. मागोमाग गावातली सगळी जाती आली आणि आमची फरशी झाली. त्या हिवाळ्यापासून एल्फगरशी कुणी बोलेना, आणि दुसऱ्या हिवाळ्यात तो वारला.

हिल्ड आता इथेच झाडलोट करते. पहिली काही वर्षे ती मला वळसा घालून जायची. तेव्हा माझ्यावर तिने कधी पाय ठेवला नाही. मला तेवढाच आधार होता.

मित्रांनो, मला इथून उचला असे मी म्हणत नाही, कारण फिरवणारे हातच आता राहिले नाहीत. तुमच्या घरी एखादे जाते असेल तर ते जपा, पण त्याच्यासाठी शेजाऱ्याकडे जाते नाही असे म्हणू नका. काल हिल्ड पाण्याची बादली घेऊन आली आणि सरळ माझ्यावरून चालत गेली. तिने खाली पाहिलेही नाही.