कोकरू थांबलं ते पान

मित्रांनो, मी फोनवरचा एक जुना खेळ आहे. माझ्यात चित्र नाही, आवाज नाही. नुसती अक्षरं आणि बोटाने दाबायच्या दोन-तीन ओळी. जुना म्हणजे तीन वर्षांचा, पण खेळांना एवढ्यात म्हातारपण येतं.

सोलापूरच्या एका कॉलेजात शिकताना सुकन्याने मला लिहिलं. माझ्यात एक बाई स्वप्नातल्या कोरड्या तळ्यातून मेंढरं नेते. मध्येच एक कोकरू थांबतं आणि म्हणतं, "माझी सावली मागं राहिली."

› कोकरू सोडून पुढे जा
› कळप सोडून मागे जा

पुढे गेलं तर घर लागतं, पण कोकराची हाक कानातून जात नाही. मागे गेलं तर सावली मिळते, तोवर कळप धुक्यात विरून जातो.

स्नेहसंमेलनात मला बक्षीस मिळालं. पूनम नावाच्या मैत्रिणीने मला चार मिनिटांत संपवलं. "भारी आहे गं," म्हणाली आणि चहाला गेली. आणखी काहीजण आले, तेही तसेच गेले. मग दोन वर्षं कुणीच आलं नाही.

मग एका दुपारी सुकन्याच्या आईने, सांगोल्याकडे मेंढरं राखणाऱ्या तानाबाईंनी, मला फोनवर उघडलं. अक्षर अक्षर लावत त्या कोकरापर्यंत आल्या आणि थांबल्या. चार दिवस रोज उघडायच्या, बघायच्या, मिटायच्या. माझ्याजवळ इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं.

पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. तानाबाई स्पीकर लावूनच बोलतात.

"आई, दोनातलं एक दाब की."

"न्हाय दाबत. कोकरू दमलं तर कळप हितंच बसवायचा. सावली येईल तिच्या सवडीनं."

"तसं न्हाय त्यात."

"मग मेंढरं राखत्यात कशी तुमच्या कॉलेजात? पाचवीत हॉस्टेलला घातली तुला, तितंच चुकलं माझं."

सुकन्याने फोन ठेवला. त्याच आठवड्यात तिने माझ्यात तिसरी ओळ घातली.

› कळप इथेच बसव

तानाबाईंनी ती लगेच दाबली. पुढचं पान कोरं निघालं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"पुढं काय गं?"

"लिहिलं न्हाय अजून. कळप बसल्यावर माणसं काय करत्यात, मला कुटं ठाऊक?"

"मग ये की घरी. सांगते. फोनवर सांगायची गोष्ट न्हाय ती."

"बघते."

या 'बघते'ला सात महिने झाले. तानाबाई अजून दुपारी येतात. त्या कोऱ्या पानाकडे बघत राहतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलावंसं वाटतं, पण माझ्याजवळचे शब्द तिथेच संपतात.

मित्रांनो, खेळाला तेल लागत नाही, फडकं लागत नाही. माझं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुणी एकाच पानावर थांबलेलं असेल, तर लांबून "पुढचं दाब" म्हणू नका. गाडी धरा आणि जा. त्या माणसाला काय सांगायचं आहे, ते त्याच्या तोंडून ऐका.