सहावी ओळ

"खुर्ची रेघेवरच आहे ना?" दाजींनी विचारलं आणि पायाने चाचपून बसले.

"आहे. डावा डोळा झाका," तो म्हणाला.

बस डेपोच्या कोपऱ्यातल्या या खोलीत तो सव्वीस वर्षं ड्रायव्हरांचे डोळे तपासत होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर खुर्ची, मध्ये वीस फूट. सहावी ओळ वाचली तर पास, नाही तर नापास; मग माणूस कोणी का असेना. पाठीमागे सगळे त्यालाच 'सहावी ओळ' म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. निर्णय नियमाने केला, आपण नुसती सही केली, असं म्हणून घरी जाऊन सुखाने जेवता येत होतं.

ते जेवण दहा वर्षांपूर्वी बिघडलं. त्याने एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला नापास केलं. तीस वर्षांत त्या माणसाने कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. त्याच्या जागी आलेला नवा गडी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचा. दीड महिन्यात त्याने बस दरीत घातली. डोळे शाबूत, घाई आंधळी. आणि घाई मोजायचा तक्ता कुठे मिळत नाही. म्हातारा अजून रोज डेपोसमोरच्या बाकावर येऊन बसायचा आणि याला बघून हात वर करायचा. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल ताईचा फोन आला होता.

"यांच्या रिटायरमेंटला चारच महिने राहिलेत रे. नापास झाले तर आठवड्यात क्वार्टर सोडावं लागेल. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. कुठं जायचं आम्ही?"

"ताई, नियम आहे. मी काय करू?"

"मग पाळ की नियम. नको कोण म्हणतंय? तू फक्त तो तक्ता उलटू नकोस."

तक्त्याच्या मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. पुढची बाजू ड्रायव्हर पाठ करून येत, म्हणून शंका आली की तो तक्ता उलटायचा. ही त्याची स्वतःची खोड. नियमांच्या पुस्तकात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. पुढचीच बाजू ठेवली असती तर दाजी पास झाले असते आणि नियमही जागच्या जागी राहिला असता. इतकी वर्षं तो ज्याच्या आड बसला, त्या नियमाने ऐन वेळी हात वर केले होते.

सकाळी तो बराच वेळ तक्त्यासमोर उभा राहिला. आईच्या माघारी ताईनेच त्याला वाढवलं होतं. दाजींची गाडी घाटातली, आत पन्नास माणसं. शेवटी त्याने तक्ता उलटला. फार थकल्यासारखं वाटलं.

"सहावी वाचा, दाजी."

"प, र, ल, म, ग," दाजी न अडखळता म्हणाले.

भिंतीवर त, न, घ, स, क होतं. दाजींनी पुढच्या बाजूची ओळ बिनचूक म्हटली होती. समोर दुसरीच बाजू आहे, एवढंही त्यांना दिसत नव्हतं.

"आता उजवा झाकू?"

"नको. झालं."

तो टेबलाशी बसला. पास करायचं असेल तर नुसती सही पुरे. नापास करायचं तर कारण लिहावं लागे. त्याने लिहायला घेतलं. खोलीत पेनाचा तेवढा आवाज होता.

"पास करायला एवढं लिहावं लागत नाही," दाजी म्हणाले.

तो थांबला.

"तक्ता उलटलास?"

"हो."

दाजींनी मान हलवली. "परवा वळणावर समोरची गाडी मला हॉर्न वाजल्यावर कळली. घरी बोललो नाही." थोडा वेळ ते मांडीवरच्या टोपीवरून हात फिरवत राहिले. "लिही. अक्षर जरा मोठं काढ म्हणजे झालं. पोरीकडून वाचून घ्यायला नको."

त्याने तो कागद बाजूला सारला, नवा घेतला आणि दोन ओळींचं कारण पानभर मोठ्या अक्षरांत लिहून काढलं.