हौदातली गर्दी

"दुरून डोंगर साजरे," सूनबाईचा नवरा म्हणाला आणि त्याने मोबाइल नानांच्या डोळ्यांपुढे धरला. "हे बघा, नाना. यात सगळं दिसतंय. खांब, पाणी, दिवे. शिवाय धक्काबुक्की नाही."

नानांनी फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लॉजच्या खोलीत पलंगाच्या काठावर ते बूट घालून तयार बसले होते. डावा बूट उजव्या पायात होता.

सूनबाईने खाली बसून बूट बदलले. नाना तिला सूनबाई म्हणायचे, म्हणून घरात तिचं तेच नाव पडलं होतं. रागावली की नातसुद्धा तिला तशीच हाक मारायची. नातीचं नाव नानांनी टिटवी ठेवलेलं. सात वर्षांची पोर; दिवसभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू.

नाना पाणीखात्यात व्हॉल्वमन होते. उभा जन्म लोकांच्या नळांना पाणी सोडण्यात गेला. "गावाला पाणी मी पाजलं, पण मला कुणी पाणी पाजू शकलं नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. या शहराच्या पोटात, रस्त्यांच्या खाली, कुण्या राजाने बांधलेला प्रचंड हौद आहे हे त्यांनी तरुणपणी ऐकलं होतं, आणि तो बघायचं तेव्हापासून डोक्यात होतं. वर्षभरापासून मात्र डोक्यातलंच सगळं गळायला लागलं होतं. "माझाच वॉशर गेलाय गं," ते हसून म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, इच्छा आहे तोवर पुरवून घ्या.

लॉजची मालकीण चहा द्यायला आली, तिने मध्येच तोंड घातलं. "हौद बघायला? आज सुट्टी आहे. मुंगीला शिरायला जागा नसेल. मागच्या सुट्टीत एक लेकरू हरवलं तिथे."

"मिळालं का?" सूनबाईने विचारलं.

"कुणी म्हणतं मिळालं, कुणी म्हणतं नाही." तिने कप ठेवले आणि गेली.

उद्या सकाळी परत निघायचं होतं. आज नाही तर कधीच नाही. नवऱ्याने नेहमीसारखे हात झटकले. "तूच ठरव. त्यांना तूच सांभाळतेस."

सूनबाई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. आज नको, उद्या बघू म्हणणाऱ्यांचे हाल ती रोज बघायची. तिने नानांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते दाराकडे बघत होते, गाडी लागायची वाट बघणाऱ्या प्रवाशासारखे.

"जाऊ या," ती म्हणाली.

गाडी उभी करायला जागाच नव्हती. नवऱ्याने तिघांना फाटकाशी उतरवलं आणि बाहेर पडायच्या दाराशी थांबतो म्हणून तो निघून गेला.

रांग गोगलगायीच्या चालीने सरकत होती. पायऱ्या सुरू झाल्या तसा उजेड मागे राहिला. भिंतींना ओल होती, वास बंद माठासारखा. मागे दोन बायका बोलत होत्या.

"पोरं पळवणारी टोळीच आहे म्हणे. म्हातारी माणसं पाठवतात."

"म्हातारी?"

"मग काय! म्हाताऱ्यावर कोण संशय घेणार? हाताला धरायचं आणि चालायला लागायचं."

सूनबाईने टिटवीचं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने नानांचा पंजा. परत फिरावं असं तिच्या मनात आलं, पण मागून लोक दाटले होते आणि वाट एकेरी होती.

खाली उतरल्यावर मात्र तीही क्षणभर विसरली. काळ्याभोर पाण्यातून खांबांमागे खांब उभे होते, दिवे पोचत नव्हते तिथपर्यंत. पाण्यावर फळ्यांची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दोर, आणि त्या वाटेवर खांद्याला खांदा लावून माणसं. प्रत्येकाचा शब्द छताला आपटून चारही दिशांनी परत येत होता. नानांनी एका खांबावर हात ठेवला. त्यांचा चेहरा इतका स्वच्छ झाला, की तिला वाटलं, आलो ते बरं झालं.

"सूनबाई, ऐक. कुठेतरी पाणी चालू आहे. अजून!"

तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला. जुन्या काळी इथे कसं वाटायचं याचा अनुभव घ्या. थोडा वेळ दिवे मालवत आहोत.

अंधार झाला. माणसं आधी हसली, मग गप्प झाली. मागून एकदम लोंढा आला. फळ्या करकरल्या. सूनबाई टिटवीवर वाकली, आणि नानांचा हात ओल्या साबणासारखा सुटला.

"नाना!" ती ओरडली. "नाना, नाना," हौद म्हणाला.

दिवे लागले तेव्हा तिच्या शेजारी एक अनोळखी जाडा माणूस होता. नाना नव्हते. मागे वळायला जागा नव्हती, पुढे बघावं तर नुसती डोकी. आणि मग मागून एक बाई किंचाळली. "माझी मुलगी! इथेच होती, आत्ता इथे होती!"

ती किंकाळी खांबांतून फिरत राहिली. लोकांनी ती उचलली, एकाने दुसऱ्याला दिली. मुलगी हरवली. मुलगी नेली. म्हाताऱ्याने नेली. सूनबाई टिटवीला ओढत, माणसं ढकलत पुढे निघाली. का, ते तिला अजून नीट कळलं नव्हतं. तिचे पाय मात्र पळायला लागले होते.

वर जाणाऱ्या जिन्याशी, ओबडधोबड खांबांमधल्या मोकळ्या जागेत, लोकांचं कडं झालं होतं. मध्ये नाना. त्यांच्या हातात चारएक वर्षांच्या मुलीचा हात. अंधारात नातीचा म्हणून त्यांनी जो धरला, तो तसाच धरून ते वर चालले होते. मुलगी रडत नव्हती. लोक मात्र ओरडत होते.

"कोण ही?"

"माझी नात," नाना म्हणाले. "टिटवी."

"काय गं, तुझं नाव टिटवी?"

मुलीने मान हलवली. नाही.

पहिली थप्पड कुणी मारली ते दिसलं नाही. नानांचा चष्मा उडाला. कुणीतरी मोबाइल उंच धरला.

"आई, ना..." टिटवीने तोंड उघडलं, आणि सूनबाईने तिच्या तोंडावर हात दाबला.

असं करायचं तिने ठरवलं नव्हतं. तिला फक्त ते चेहरे दिसत होते. पुढे गेलो तर टोळीच समजतील. मला धरतील, पोरीला ओढतील. ती खांबाच्या आडोशाला सरकली. तळहाताखाली टिटवीचा श्वास गरम लागत होता.

नानांनी मान वर केली. कड्याच्या फटीतून त्यांची नजर थेट तिच्यावर आली. मग टिटवीवर. मग हातातल्या त्या परक्या मुलीवर.

"बरोबर कोण आहे तुझ्या? बोल!" एकाने त्यांची कॉलर धरली.

"कुणी नाही," नाना म्हणाले. "मी एकटाच आलोय."

सूनबाईचा हात गळून पडला.

"माझे सासरे आहेत ते!" ती टिटवीला घेऊन कड्यात घुसली. "त्यांना विसरायला होतं! ही बघा त्यांची नात! अंधारात हात चुकला, एवढंच!" तिला धक्के बसले, केस ओढले गेले. तितक्यात त्या मुलीची आई पोचली. तिने मुलीला उचलून छातीशी धरलं, आणि मुलगी प्रथमच भोकाड पसरून रडली. पहारेकरी शिट्ट्या फुंकत आले. त्यांच्या खोलीत बसवून, विचारपूस करून, तासाभराने तिघांना सोडलं. नानांचा ओठ फाटला होता, कान सुजला होता.

"नाना," बाहेर कठड्यावर बसवून तिने विचारलं, "मला पाहिलं होतंत ना तुम्ही?"

"कधी?" नाना म्हणाले. ते खरंच विचारत होते की काय, हे तिला त्यांच्या डोळ्यांत वाचता आलं नाही.

नवऱ्याला तिने सांगितलं, गर्दीत मारहाण झाली. पुढचं सांगितलं नाही. लॉजवर येऊन तिने नानांच्या ओठाला औषध लावलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा मालकीण जिना चढून आली, दार लोटून घेतलं आणि हातातला मोबाइल पुढे केला.

"हे तुमचेच ना?"

मोबाइलवरच्या चित्रणात नाना होते, थप्पड होती. नवऱ्याच्या तोंडून शिवी निघाली. मालकिणीने बोट कोपऱ्यात ठेवलं. खांबाआड एक बाई उभी होती, एका मुलीचं तोंड दाबून धरलेली. खाली कुणीतरी लिहिलं होतं: म्हातारा सापडला, टोळीतली बाई निसटली. दुसरी पोर तिच्या हातात आहे. ओळखा.

"पुढचं यात नाही," सूनबाई म्हणाली. "मी गेले होते पुढे. ते यात नाही."

"मला पटतंय हो," मालकीण म्हणाली. "पण हे गल्लीत घरोघरी पोचलंय. माझ्या पोऱ्याने मला दाखवलं. उजेड आहे तोवर मागच्या दाराने निघा."

नवऱ्याने ते पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं. "तोंड का दाबलंस तिचं?"

"भ्याले."

त्याने मोबाइल मालकिणीच्या हातात परत दिला. मग पलंगाखालून बॅग ओढून तो कपडे कोंबायला लागला.

नवरा मागच्या बोळात गाडी आणेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली, स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून. टोकाला दोन माणसं एकाच मोबाइलवर वाकली होती. गाडी त्यांच्याजवळून गेली तेव्हा त्यांनी माना वर केल्या. एकाने काचेतून आत पाहिलं, तो चार पावलं गाडीबरोबर चालला आणि थांबला. शहराबाहेर पडेपर्यंत कुणी अडवलं नाही.

मोकळा रस्ता लागल्यावर सूनबाईने मागे वळून बघितलं. नाना झोपले होते. टिटवी खिडकीला चिकटून बसली होती, जागी.

"टिटवे, भूक लागली?"

पोरीने आईकडे पाहिलं, आणि परत बाहेर बघायला लागली. तेव्हा सूनबाईच्या लक्षात आलं, हौदातून वर आल्यापासून तिने एक शब्द उच्चारलेला नव्हता.