चिंधीशिवाय मूल नाही

आईच्या पाळणाघराचा एकच नियम होता. शिवणकारखान्यात जाणारी बाई सकाळी मूल सोडायला आली की आई एक चिंधी मधोमध फाडायची. अर्धी मुलाच्या मनगटाला, अर्धी बाईच्या हाती. संध्याकाळी दोन्ही तुकडे जुळले तरच मूल मिळायचं. दोन खोल्या, अठरा मुलं. वस्तीत दुसरी सोय नव्हती.

त्या दुपारी कडी मी काढली. सुट्टीला आले होते. "ठमीचा बाप आहे," असं बाहेरून ऐकू आलं आणि मी दार उघडलं. ठमी त्या अठरांतली एक. बाप म्हटल्यावर काय विचारायचं?

तो गवंडी. खांद्याला हत्यारांची पिशवी, तोंडाला दारूचा वास.

"मावशी, ठमीला द्या."

"चिंधी?"

"बापाकडे चिंधी मागता?"

"देव आला तरी मागेन. सकाळी तिच्या आईने दिली, तिलाच देईन."

"ती घर सोडून गेलीय. पोरगी हातात आली की येईल झक मारत."

"मग तर मुळीच नाही. बोक्या, तू इथेच रांगलास. तुझा बापही असाच दारात यायचा. त्यालाही तुला दिलं नव्हतं."

"आई, जाऊ दे ना," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आतल्या खोलीच्या दारात दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली.

त्याने पिशवीतून हातोडा काढला. पहिला घाव तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. चौकट सुटली नाही. मी त्याच्या दंडाला लोंबकळले. त्याने मला भिंतीवर आपटलं, तोंडात दाताचे तुकडे आले. दुसरा घाव तिच्या कानावर बसला. ती उंबऱ्यावर आडवी पडली, पडूनही दार अडवून. आत मुलं किंचाळत होती. तो तिला ओलांडायला वाकला. मी चार वाजताच्या दुधाचं उकळतं पातेलं त्याच्या मानेवर ओतलं. तो गुरासारखा ओरडत पळाला.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत आई गेली होती.

सहाला कारखाना सुटला. ठमीची आई धावत आली. एक डोळा सुजून मिटलेला. तिने ठमीकडे हात पसरले.

"चिंधी," मी म्हणाले.

तिने मूठ उघडली. रक्ताळल्या बोटांनी मी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मग पोरगी दिली. मागे सतरा बायका रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीने आपापली चिंधी पुढे धरली होती.