ठमाआत्या गाडीतून उतरेनात

काल्याच्या कीर्तनाला अर्धा तास उरला होता आणि आमची गोल्फ कार्ट तिसऱ्या वळणावर बंद पडली.

महाळुंगे पडवळच्या टेकडीवर आमचं देऊळ. वाट इतकी चिंचोळी की जीप शिरत नाही. म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एका रिसॉर्टनं काढून टाकलेली ही पेट्रोलवरची गाडी सप्ताह कमिटीनं आणली. ती चालवायची सेवा माझ्याकडं. सहा दिवस तेच रडगाणं चाललेलं. दहा मिनिटं झोकात चालायची, मग आचके देऊन गप्प. पाव तासानं पुन्हा सुरू. दोन मिस्त्र्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पण फरक पडला नाही.

मागच्या सीटवर ठमाआत्या होत्या. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले. सहा दिवसांत एकाही कीर्तनाचा आरंभ त्यांना मिळाला नव्हता.

कमिटीचे गेणभाऊ मागून चालत आले. इंजिन बसलंय, वाट अडते, ढकलत खाली न्या, आत्यांना घरी मोबाईलवर कीर्तन लावून द्या, असं सांगून मोकळे झाले.

"मी उतरायची न्हाई," आत्या म्हणाल्या. "मोबाईल मला बुक्का लावल का? काल्याचा घास भरवल का?"

माझ्या शेजारी वारूळवाडीच्या सत्तारभाईंची रूही बसली होती. त्यांचं गॅरेज आता तीच बघते. गाडी बंद पडताना बघायचीय, असं तिनंच सांगितलं होतं.

"पोरी, दोन मिस्त्र्यांनी हात टेकले," गेणभाऊ म्हणाले.

"त्यांनी टेकले. मी न्हाई."

तिनं आत्यांना पुढच्या सीटवर घेतलं, मागची सीट उचलली आणि टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली. झाकणाला हवेसाठी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, ते बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही, हे तिनं मला समजावलं. मग झाकणावरचा लाल थर नखानं खरवडून विचारलं, "काका, हे काय?"

रोज सकाळी पेट्रोल भरलं की ओलं कुंकू मीच लावायचो, भक्तिभावानं. मान खाली घालून सांगितलं.

"लावा की. पण बॉनेटला लावा," ती म्हणाली. ओढणीची पिन काढून तिनं भोक मोकळं केलं आणि झाकण नि सीट जागेवर बसवली.

मी पॅडल दाबलं. गाडीनं उरलेली चढण एका दमात घेतली.

वर मृदंगावर थाप पडत होती. मागोमाग पोचलेल्या गेणभाऊंनी कडेला खुर्ची मांडली, खाली बसलात तर उठवायला चार माणसं लागतील म्हणाले.

"लागू द्या," आत्या म्हणाल्या. माझ्या आणि रूहीच्या खांद्यांवर भार टाकून त्या टाळकऱ्यांच्या अगदी पायाशी, सतरंजीवर बसल्या.