कोपऱ्यातला गुणवंता

पांढुर्ण्याच्या मुलांच्या शाळेत गुणवंता चार वर्षं शिकला, पण त्या शाळेत तो पुरता असा कधी पोचलाच नाही. यात त्याचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर पॅसेंजरचा. वडील तिगाव स्टेशनावर रेल्वेत खलाशी, क्वार्टर रुळाला लागून, शाळा पांढुर्ण्यात आणि मधे ही गाडी. शाळेची प्रार्थना साडेदहाला आणि गाडी स्टेशनात शिरायची पावणेअकराला, तेही गाडीबाईसाहेबांची मर्जी असेल तर. परतीची सव्वाचारला. म्हणजे सकाळी सगळे वर्गात बसले की हा दारात उभा, आणि दुपारी सगळ्यांच्या अंगात खेळ संचारला की हा दप्तर आवरतो आहे.

आता शाळा काय नुसती वर्गात असते? वर्गात असतात ते मास्तर आणि भूगोल. खरी शाळा भरायची चारनंतर. कबड्डीचं मैदान चारनंतर आखलं जायचं. गॅदरिंगच्या नाटकाची तालीम चारनंतर. स्काउटच्या गाठी, मास्तरांच्या नकला, भांडणं, भांडणानंतरची दिलजमाई, सारं चारनंतर. सौंसरच्या शाळेला आपल्या पोरांनी कबड्डीत धूळ चारली ती गुणवंतानं दुसऱ्या दिवशी ऐकली, आणि तीही अर्धीच, कारण उरलेली अर्धी सगळ्यांना ठाऊकच होती. पोरं आठवून आठवून हसायची. कुठं हसायचं ते याला कळत नसे, म्हणून हा सगळ्यांच्या मागून हसायचा.

पोरं वाईट नव्हती हो. कुणी त्याला कधी मारलं नाही, चिडवलं नाही. मारलं असतं तर निदान ओळख तरी झाली असती. त्याला 'गाडीवाला' म्हणत, पण तेही काही टोपणनाव नव्हे. गाडीनं येणारा म्हणून गाडीवाला, बस्स. डब्याच्या सुट्टीत तो गजाननच्या शेजारी बसायचा, कारण वर्गातलं बाक तेच होतं. गजानन त्याच्या डब्यातलं लोणचं घ्यायचा आणि मान वळवून पलीकडच्याशी बोलायचा. चार वर्षांच्या दोस्तीचा हिशेब मांडायचा तर तो एवढाच.

अकरावीचं, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचं, वर्ष आलं, ब्याऐंशी साल. मॅट्रिकच्या पोरांचा ग्रुप फोटो निघायचा होता. हेडमास्तर यशवंतरावांनी जाहीर केलं, "शनिवारी, बरोबर अकरा वाजता. पांढरा शर्ट. उशीर करणाऱ्यासाठी फोटोवाला थांबणार नाही." गुणवंताच्या मनात पहिल्यांदा लख्ख झालं. अकरा वाजता! शाळेतली पहिली गोष्ट जी त्याच्या गाडीच्या वेळेत बसत होती. आईनं, शांताबाईनं, लोट्यात विस्तव भरून शर्टाला इस्त्री केली. उभं कसं राहायचं, हात पुढे की मागे, हे त्यानं आरशासमोर ठरवून टाकलं. कुणाच्या शेजारी ते मात्र ठरवलं नाही. तेवढी हाव बरी नव्हे, असं त्याला वाटलं.

शनिवारी पुढे कुठलीशी मालगाडी बंद पडली आणि पॅसेंजर पांढुर्ण्याच्या आउटर सिग्नलला उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. गावातल्या जिनिंगची पत्र्याची छपरं समोर दिसत होती. शेवटी गुणवंतानं खाली उडी मारली आणि रुळाच्या कडेनं पळत सुटला. फाटकावरच्या माणसानं "अबे मरतं काय?" म्हणून हाक मारली, ती त्याच्या कानामागून गेली. घामानं शर्ट पाठीला चिकटला, चपलेचा अंगठा तुटला. शाळेच्या मैदानात शिरला तेव्हा फोटोवाला तिपाई मिटत होता आणि पोरं बाकं उचलून परत वर्गात नेत होती. गजानन एका बाकाला एका बाजूनं लटकला होता. त्यानं गुणवंताला पाहिलं.

"आला काय बे? बरं झालं. धर इकडून."

आणि ज्या बाकावर त्याला उभं राहायचं होतं, ते बाक गुणवंतानं दुसरीकडून धरून वर्गात नेऊन ठेवलं. 'तू फोटोत नव्हतास' हे त्या दिवशी त्याला कुणीही म्हटलं नाही, कारण कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. घरी येऊन तो आईशी खोटं बोलला. फोटो छान निघाला, म्हणाला.

ध्यानात आलं ते चार दिवसांनी, यशवंतरावांच्या. फोटोखाली नावं लिहायला घेतली तर नावं एक्केचाळीस आणि डोकी चाळीस. "गाडीवालं पोर राहिलं की हे!" यशवंतराव हळहळले. फोटोवाल्यानं तोड काढली. बोर्डाच्या फॉर्मवर लावलेला फोटो होताच. तो लंबगोल कापून वरच्या कोपऱ्यात बसवून देतो, म्हणाला. लंबगोलाचा त्याच्याकडे साचा एकच होता, भोवती बारीक फुलांची वेल असलेला, आणि तो सहसा वर्षश्राद्धाच्या फोटोंना वापरला जाई. पण फूल ते फूल. अशा रीतीनं खाली चाळीस पोरं खांद्याला खांदा लावून उभी, आणि वर आभाळात फुलांच्या वेलीत डोळे विस्फारलेला एकटा गुणवंता. त्यानं तो फोटो एकदाच पाहिला, विकत घेतला नाही. मग परीक्षा झाली, वडिलांची आमल्याकडे बदली झाली, आणि तिगावचं क्वार्टर सुटलं.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. दरवर्षीचे फोटो शाळेच्या दालनात टांगले जात, आणि तिथं लंबगोलाचा अर्थ एकच होता. आधीच्या फोटोंत दोन लंबगोल होते. एक वारलेल्या चित्रकलेच्या मास्तरांचा, दुसरा साप चावून गेलेल्या एका पोराचा. दर सव्वीस जानेवारीला बापूजी चपराशी सरस्वतीला हार घालायचा, पुढाऱ्यांना घालायचा आणि उरलेले हार लंबगोलवाल्यांना. बापूजी जास्त खोलात शिरणारा माणूस नव्हता. लंबगोल दिसला की हार. पुढल्या सव्वीस जानेवारीला त्यानं दोनाचे तीन हार केले, तिसऱ्या फ्रेमच्या काचेवर कुंकू लावलं, आणि गुणवंता रीतसर वारला.

*

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये हा वारलेला गुणवंता बैतुलहून सकाळच्या गाडीनं पांढुर्ण्याला उतरला. मिशी आली होती, अंग भरलं होतं. तारघरातली नोकरी पक्की व्हायच्या बेतात होती आणि त्यासाठी जन्मतारखेचा शाळेचा दाखला हवा होता. दाखल्याला पत्र टाकूनही भागलं असतं. पण तो मुद्दाम रजा काढून आला होता. बैतुलमध्येही त्याला आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं. खोली, तारघर आणि खानावळ. शाळेत कुणीतरी 'अरे, तू गुणवंता ना?' म्हणेल, एवढं एक ऐकायला तो आला होता. लाज वाटली म्हणून हे त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

यशवंतराव निवृत्त झाले होते. बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, नवे होते. त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, "जुनं रजिस्टर काढा लागते. बसा तिकडं." दाराशी स्टुलावर बापूजी होता, आता पुरता म्हातारा. गुणवंता त्याच्यासमोर जरा रेंगाळला.

"बापूजी, ओळखलं काय?"

बापूजीनं डोळे बारीक करून पाहिलं. "तहसिलीतले काय जी तुमी?"

"नाही," म्हणून गुणवंता दालनातल्या बाकावर जाऊन बसला. नाही म्हटलं तरी ते त्याला लागलं.

तेवढ्यात बारावीची पोरं प्रवेशपत्रं घेऊन कल्ला करत आत आली. परीक्षा दुसऱ्या दिवसापासून होती. एकेक जण भिंतीशी जाई, प्रवेशपत्र एका फ्रेमला टेकवी, कपाळाला लावी आणि बाजूला होई. गुणवंताला वाटलं, सरस्वती असेल. मग त्यानं नीट पाहिलं. काचेवर कुंकू होतं, वाळलेला हार होता, आणि हारामागून त्याचेच विस्फारलेले डोळे त्याच्याकडे पाहत होते.

त्यानं शेजारच्या पोराला विचारलं, "हा कोण रे?"

"गुणवंतादादा," पोरगं म्हणालं. रवींद्र त्याचं नाव. "गाडीवाला होता. फोटोच्या दिशी गाडी आउटरले उभी राहिली, तं बिचारा उतरून रुळानं पळत निंघाला. मागून मालगाडी आली. फाटकवाल्यानं लय हाका मारल्या म्हणते."

"मग?"

"मंग काय जी. गेला. सारा वर्ग रडला. गजानन म्हणून त्याचा जिगरी दोस्त होता, त्यानं तं दोन दिस अन्नाले हात नाई लावला. कबड्डीत तं गुणवंतादादा एक नंबर! सौंसरवाले त्याच्या नावानं कापत."

गुणवंताला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट, सांगायला लाज वाटते पण खरं तेच सांगितलं पाहिजे, त्याला फार बरं वाटलं. गजानन दोन दिवस जेवला नाही! "आणखी काय म्हणतात?" त्यानं विचारलं आणि जीव कानात आणून ऐकत राहिला. त्या मेलेल्या पोराला काय काय मिळालं होतं! नाटकात काम, मैदानात नाव, रडायला चाळीस दोस्त. जिता होता त्याला लोणच्यापुरताही कुणी ओळखत नव्हतं. 'अबे, मीच तो' हे शब्द त्याच्या ओठाशी आले. एक वाक्य, आणि ही तीसचाळीस पोरं त्याच्याभोवती गोळा झाली असती. 'खरंच? दादा, तुमीच?' आयुष्यात एकदा तो मधोमध उभा राहिला असता. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

पण रवींद्रचं संपलं नव्हतं. "मीबी गाडीवालाच हाय जी. तिगावचा."

"हो?" गुणवंता म्हणाला.

"हाव. पण आता गाडीवाल्याले सोडून इथं काईच नाई होत. गुणवंतादादाची आन हाय ना. नाटकाची तालीम डब्याच्या सुट्टीत करते, आमच्यासाठी. उद्या पेपर, तं आमाले आणाले पाच सायकली स्टेशनवर उभ्या राहीन. मागच्या महिन्यात आमचा फोटो होता. गाडी दीड घंटा लेट. सारे पोट्टे उन्हात उभे. फोटोवाला तापला. तं तो हेमंत हाय ना, तिकडं उभा, तो म्हणे, काढाचा असंल तं काढा, पण एक गाडीवाला कमी असंल तं आमी सारेच बाकावरून उतरतो. मी पळत आलो, तं मले मधातच उभं केलं. हेमंतच्या बाजूले."

हे सांगताना पोराचा चेहरा नुसता फुलून आला होता. गुणवंताला त्याचा हेवा वाटला. मग त्या हेव्याच्या मागोमाग दुसरंच काही आलं, त्याला नाव काय द्यावं ते त्याला कळेना. डोळे भरले एवढं खरं.

"तुमी ओळखत होते काय त्याले?" रवींद्रनं विचारलं.

"एकाच वर्गात होतो," गुणवंता म्हणाला. "चांगलं पोरगं होतं."

तेवढ्यात खिडकीतून बडे बाबूंनी चष्मा वर केला आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "गुणवंता! तिगाव! कोण हाय गुणवंता?"

दालनातला कल्ला एकदम थांबला. सगळी पोरं वळली. कुणी फ्रेमकडे पाहिलं, कुणी खिडकीकडे. गुणवंताचा एक हात बाकाच्या कडेवर होता. उठायला तेवढा रेटा पुरे होता.

"अरे गुणवंता कोण? दाखला तयार हाय!"

बापूजी स्टुलावरून अर्धा उठला आणि परत बसला. गुणवंतानं हात कडेवरून काढून मांडीवर घेतला. दुपारची गाडी अर्ध्या तासावर होती. दाखल्यासाठी आता पुन्हा रजा मागावी लागणार, साहेब चार गोष्टी ऐकवणार, नोकरी पक्की व्हायचं आणखी लांबणार. तो भिंतीकडे पाहत बसून राहिला.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा रवींद्र खिडकीशी गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, नका बोलावू त्याले. तो नाई येत आता."

बडे बाबूंनी चकित होऊन त्या पोराकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या माणसाकडे. गुणवंतानं मान हलवली. पोरगं बरोबर सांगतं आहे, अशी.